घाटांत मोटार तापते तेव्हां

कोंकणांतून देशावर येणारा जुना व्यापारी मार्ग कल्याणहून निघून नाणेघाट चढून जुन्नरास पोंचत असे. घाटाच्या माथ्यावर सातवाहनकालीन लेख कोरलेलें लेणें आहे आणि त्याच्या आसपास कातळांत खोदलेलीं पाण्याचीं टाकीं आहेत. उभी चढण चढून आलेल्या माणसास व ओझ्याच्या जनावरास सर्वांआधीं पाणी लागतें, हें त्या काळच्या लोकांनीं ओळखलें होतें. आज कल्याणहून येणाऱ्या मोटारी नाणेघाट चढत नाहींत. त्या शेजारच्या माळशेज घाटानें मढ व ओतूरकडे येतात. परंतु जुना नियम बदललेला नाहीं. चढण चढणाऱ्या मोटारीसही पाणी लागतें. फरक इतकाच कीं, तें तिनें आपल्या पोटांत घेतलेलें असतें, आणि तें वाटेंत सांडूं नये ही काळजी चालकानें घ्यावयाची असते.

जुन्नर व आंबेगांव या दोन तालुक्यांतले पश्चिमेकडचे रस्ते या काळजीची कसोटी पाहणारे आहेत. एक हा माळशेजचा. दुसरा मंचरहून घोडेगांव व डिंभे धरणावरून पोखरी घाट चढून भीमाशंकरास जाणारा. पावसाळ्यांत धबधबे पाहण्यास आणि श्रावणांत देवदर्शनास पुण्यामुंबईचीं शेंकडों कुटुंबें या वाटांनीं जातात. अशा एखाद्या दिवशीं वळणापाशीं कडेला उभी असलेली, बॉनेटखालून वाफ सोडणारी मोटार दिसते. मुलें खालीं उतरलेलीं असतात, कोणी बाटलींतलें पिण्याचें पाणी घेऊन पुढें झालेला असतो आणि गृहस्थ रुमाल हातांत घेऊन टोपण उघडण्याच्या तयारींत असतात. हा शेवटचा क्षण सर्वांत धोक्याचा होय. कारण दोष पुष्कळदां अगदीं क्षुल्लक असतो : रबरी नळीवरचा पोलादी पट्टा सैल झालेला असतो. तो आवळण्यास दोन मिनिटें पुरतात. परंतु त्या दोन मिनिटांआधीं जी तासभर वाट पाहावी लागते, ती न पाहिल्यामुळें माणसें हात व तोंड भाजून घेतात आणि चांगलीं इंजिनें निकामी करतात.

ही वाट कशासाठीं पाहावयाची, हें समजण्यास इंजिनांत पाण्याचें काय काम असतें तें पाहिलें पाहिजे. पेट्रोल जळून जी उष्णता निर्माण होते, तिच्यापैकीं ढोबळ मानानें एक-तृतीयांश भागच मोटार चालविण्याच्या कामीं येतो. सुमारें तितकीच उष्णता धुराबरोबर निघून जाते आणि उरलेली इंजिनाच्या धातूंत शिरते. ती काढून नेली नाहीं, तर धातू फुगून आंतले भाग एकमेकांस चिकटून बसतील. म्हणून इंजिनाच्या भिंतींत पोकळ्या ठेवलेल्या असतात व त्यांतून एक पंप सतत पाणी फिरवितो. तापलेलें पाणी नळीवाटें पुढच्या जाळीदार भागांत, म्हणजे रेडिएटरांत जातें, वाऱ्यानें निवतें आणि दुसऱ्या नळीवाटें परत इंजिनांत येतें. लहान मोटारींत हें पाणी साधारण ४ ते ६ लिटर असतें. हल्लीं तें नुसतें पाणी नसतें. त्यांत इथिलीन ग्लायकॉल व गंज रोखणारीं द्रव्यें मिसळलेलीं असतात. या मिश्रणास गॅरेजांत कूलंट म्हणतात.

या नळ्या रबराच्या कां, असा प्रश्न कोणासही पडावा. इंजिन चालतांना थरथरतें. रेडिएटर मात्र गाडीच्या सांगाड्यास जखडलेला असतो. दोहोंमध्यें धातूची ताठ नळी घातली, तर ती थोड्याच दिवसांत तडकेल. म्हणून मध्यें लवचिक रबर घालावें लागतें. परंतु रबर धातूस डाख देऊन जोडतां येत नाहीं. तें तोटीवर चढवून वरून आवळावेंच लागतें. तात्पर्य, हा सांधा टाळतां येण्याजोगा नाहीं आणि तो नेहमीं आवळण्यावरच अवलंबून राहणार.

मोटारीच्या इतिहासांत पाण्याचा हा प्रश्न प्रारंभापासून आहे. कार्ल बेंझ यांच्या पहिल्या मोटारींत पाणी उकळून वाफ होऊन जात असे. १८८८ सालीं त्यांच्या पत्नी बर्था बेंझ दोन मुलांसह मानहाइमहून फोर्त्सहाइमला, शंभर किलोमीटरांहून अधिक अंतर, मोटारीनें गेल्या, तेव्हां त्यांना वाटेंत पुन्हां पुन्हां थांबून पाणी भरावें लागलें. विल्हेल्म मायबाख यांनीं १९०१ च्या मर्सिडीस गाडीसाठीं मधमाशांच्या पोळ्यासारखा रेडिएटर तयार केला. त्यांत ८ हजारांहून अधिक बारीक नळ्या होत्या. तेंच पाणी पुन्हां पुन्हां निववून वापरण्याची सोय त्यामुळें चांगली साधली. नळी आवळण्याचा, स्क्रूनें घट्ट होणारा पोलादी पट्टा ब्रिटिश आरमारांतील कमांडर लम्ली रॉबिन्सन यांनीं शोधून काढला व १९२१ सालीं त्याचें पेटंट मिळविलें. ‘ज्युबिली क्लिप’ हें त्याचें नांव आजही रूढ आहे.

आतां धोक्याचें कारण पाहूं. समुद्रसपाटीवर पाणी १०० अंश सेल्सिअसला उकळतें. उंची वाढली कीं हा आंकडा दर ३०० मीटरांमागें सुमारें १ अंशानें उतरतो. माळशेजचा माथा सुमारें ७०० मीटर उंचीवर आहे; तेथें उघड्या पातेल्यांतलें पाणी ९८ अंशांच्या किंचित् आधींच उकळूं लागतें. मोटारीचें इंजिन तर ९० अंशांच्या आसपास काम करतें. म्हणजे चढणीवर थोडें अधिक तापतांच पाण्याची वाफ व्हावी. ती होऊं नये म्हणून स्वयंपाकघरांतल्या प्रेशर कुकरचीच युक्ति येथें योजलेली आहे. टोपणांत एक झडप असते. ती बाहेरच्या हवेपेक्षां सुमारें एक वातावरण अधिक दाब आंत टिकवून धरते. तेवढ्या दाबाखालीं साधें पाणी १२० अंशांपर्यंत उकळत नाहीं.

जो दाब पाण्यास उकळूं देत नाहीं, तोच दाब नळीच्या सांध्यावर जोर करीत असतो. नळीचा आंतला व्यास ३२ मिलिमीटर धरला, तर तिच्या तोंडाचें क्षेत्रफळ सुमारें ८ चौरस सेंटिमीटर होतें. दर चौरस सेंटिमीटरवर १ किलोग्रॅम दाब म्हटला, तर नळीस तोटीवरून ढकलणारा जोर ८ किलोग्रॅम झाला. वाण्याच्या दुकानांतलीं पांच, दोन व एक किलोचीं वजनें एकत्र बांधून त्या नळीस टांगावीं, तसा हा प्रकार आहे. सपाट रस्त्यावर अर्धवट सैल पट्टा कसाबसा हा भार सोसतो. घाटांत गाडी खालच्या गिअरमध्यें हळू चालते, इंजिनावर भार वाढतो, रेडिएटरास समोरचा वारा कमी मिळतो आणि पाणी व दाब दोन्ही चढतात. महिनोन् महिने लपून राहिलेला सैलपणा तेथें उघडा पडतो.

आणि म्हणूनच तापलेल्या मोटारीचें टोपण उघडूं नये. कुकरची शिटी पडण्यापूर्वीं झांकण कोणी ओढीत नाहीं. हा नियम घरांतल्या मुलासही ठाऊक असतो. मोटारीपुढें मात्र जाणतीं माणसें तो विसरतात. ११० अंशांचें पाणी दाबाखालीं शांत असतें. टोपण फिरतांच दाब नाहींसा होतो, पाणी एकाएकीं उकळतें आणि त्याचा कांहीं भाग वाफ होऊन उरलेल्या पाण्यास कारंज्यासारखें बाहेर फेंकतो. एक लिटर पाण्याची वाफ सुमारें १,६०० लिटर जागा व्यापते, एवढें सांगितलें म्हणजे पुरे. त्या कारंज्यापुढें हातांतला रुमाल कांहीं कामाचा नाहीं.

सैल सांधा असा एकदम दगा देत नाहीं. तो आधीं सूचना देतो. रोज सकाळीं मोटार उभी होती त्या जागीं फरशीवर हिरवा, गुलाबी किंवा निळा डाग दिसणें ही पहिली सूचना. वातानुकूलनाचें पाणीही खालीं ठिबकतें, परंतु तें रंगहीन व वासहीन असतें. कूलंट बोटांस किंचित् बुळबुळीत लागतो व त्यास गोडसर वास असतो. नळी जेथें तोटीवर चढते तेथें वाळलेली पांढरट किंवा रंगीत खपली दिसणें ही दुसरी सूचना. कूलंटच्या बाटलीवर कमी व अधिक अशा दोन खुणा असतात. थंड इंजिनांत पातळी दर आठवड्यास खालीं जात असेल, तर ती तिसरी. घाटास निघण्याच्या आदल्या सायंकाळीं, इंजिन पूर्ण थंड असतां, ही पाहणी पांच मिनिटांत होते. जो ती करील, त्यास पुढचा भाग बहुधा उपयोगी पडणार नाहीं.

परंतु वाटेंत कांटा तांबड्या खुणेकडे गेलाच, तर चालकानें प्रथम वातानुकूलन बंद करावें आणि काच उतरवून गरम हवेचा हीटर पूर्ण सोडावा. हीटर हाही एक छोटा रेडिएटरच असल्यामुळें तो इंजिनाची थोडी उष्णता ओढून घेतो. त्या आधारानें वळणापासून दूर, रुंद जागीं गाडी नेतां येते. तांबडा दिवा लागला किंवा वाफ दिसूं लागली, तर मात्र जागा पाहतां पाहतां लांब जाऊं नये. मिळेल त्या पहिल्या सुरक्षित कडेला इंजिन बंद करावें. हँडब्रेक ओढून चाकामागें दगड लावावा, इशाऱ्याचे दिवे चालू करावे आणि तांबडा त्रिकोण मागें अंतरावर ठेवावा. पावसाळ्यांत धुक्यामुळें मागून येणाऱ्यास उभी गाडी फार उशिरां दिसते. कड्याच्या पायथ्याशीं किंवा धबधब्याच्या धारेखालीं गाडी लावूं नये; तेथें दगड सुटण्याचें भय असतें. रात्र असेल तर आणखी एक गोष्ट ध्यानांत धरावी. या दोन्ही तालुक्यांत उंसाच्या शेतांतून बिबट्यांचा वावर आहे. जुन्नरजवळ माणिकडोह येथें त्यांच्यासाठीं निवारा केंद्रच उभारावें लागलें आहे. म्हणून शेताच्या कडेला अंधारांत मुलांना खालीं सोडूं नये.

त्यानंतर खरें काम सुरू होतें, आणि तें म्हणजे थांबणें. अर्धा तास हा अगदीं कमींत कमी काळ. तासभर थांबल्यास उत्तम. या वेळांत इंजिनावर पाणी ओतूं नये. तापलेल्या धातूवर थंड पाणी पडलें, तर तो असमान आकसतो व तडकतो. बॉनेट उघडल्यावर रेडिएटरामागचा विजेचा पंखा गाडी बंद असतांही आपोआप सुरू होऊं शकतो. म्हणून पदर, ओढणी व बोटें त्यापासून दूर ठेवावीं. बऱ्याच वेळानें नळीस हाताच्या मागच्या बाजूनें हळूच स्पर्श करून पाहावा. ती कोमट लागली आणि जाड कापडानें धरून दाबली असतां सहज दबली, तर आंतला दाब उतरला असें समजावें. मगच टोपणावर जाड, घडी केलेलें कापड ठेवून, तोंड बाजूला करून, तें थोडेंसेंच फिरवावें. फुस्स आवाज आला तर तेथेंच थांबावें. आवाज पूर्ण बंद झाल्यावर टोपण काढावें.

आतां गळती शोधावयाची. पाणी वरून खालीं ओघळतें, म्हणून सर्वांत खालीं जेथें थेंब दिसतो तेथें दोष नसतो. ओलीचा माग काढीत वर जावें आणि ओलीचें सर्वांत वरचें ठिकाण गांठावें. सर्व नळ्या फडक्यानें कोरड्या पुसून घेतल्या म्हणजे नवी ओल लगेच ओळखूं येते. सांध्यापाशीं ओल असेल, तर पट्टा कोठें बसला आहे तें पाहावें. तोटीच्या टोंकाजवळ एक उंचवटा, म्हणजे कंगोरा असतो. नळी त्या कंगोऱ्यावरून पुढें सरकवून पूर्ण आंत बसवावी लागते आणि पट्टा कंगोऱ्याच्या पलीकडे, इंजिनाच्या किंवा रेडिएटराच्या बाजूस, असावा लागतो. तो कंगोऱ्यावरच किंवा त्याच्या अलीकडे बसला असेल, तर कितीही आवळला तरी नळी निसटेल. नळीच्या अगदीं कडेवरही पट्टा नसावा. तीनचार मिलिमीटर रबर त्याच्याबाहेर दिसावें.

पट्टा योग्य जागीं आणून स्क्रू-ड्रायव्हरनें किंवा लहान पान्यानें आवळावा. रबर पट्ट्याखालीं सर्व बाजूंनीं सारखें दबलें व नळी हातानें फिरेनाशी झाली, कीं थांबावें. येथें जोर हा गुण नव्हे. फार आवळलेला पट्टा रबरांत रुततो व तें कापतो. आणि हल्लींच्या बहुतेक रेडिएटरांच्या तोट्या प्लॅस्टिकच्या असल्यामुळें त्या तडकतात. मग दहावीस रुपयांच्या पट्ट्याऐवजीं सबंध रेडिएटर घ्यावा लागतो. कांहीं मोटारींत स्क्रूच नसतो. तारेच्या किंवा पोलादी पट्टीच्या स्प्रिंगचा चिमटा असतो. त्याचे दोन कान पकडीनें दाबून तो सरकवावयाचा असतो. तो ढिला पडला असेल, तर आवळण्याचा उपायच नाहीं. तो बदलावा लागतो.

नळीचें तोंड चिरलेलें असेल व लांबी पुरेशी असेल, तर तेवढा एकदोन सेंटिमीटरांचा भाग धारदार चाकूनें सरळ कापून टाकून उरलेली नळी पुन्हां चढवितां येते. चढविण्यापूर्वीं तोटीवरची खपली पुसून काढावी. तिच्याखालूनच पाणी वाट काढतें. नळी सहज सरकावी म्हणून थोडें पाणी किंवा कूलंट लावावा. तेल वा ग्रीस लावूं नये, कारण त्यानें हें रबर फुगतें व मऊ पडतें. नळी मध्येंच फाटली असेल, तर सायकलच्या जुन्या ट्यूबची पट्टी ताणून तिच्यावर अनेक वेढे द्यावे व तारेनें किंवा दोरीनें बांधावें. हें केवळ जवळच्या गांवापर्यंत पोंचण्यासाठीं. मंचर, नारायणगांव, आळेफाटा, ओतूर या गांवीं गॅरेजें आहेत. तेथें नवी नळी घालूनच पुढें जावें.

पाणी भरण्याची क्रियाही सावकाशीची आहे. इंजिन निवल्यावरच, हळूहळू, थांबत थांबत भरावें. कूलंट नसेल तर अडचणीच्या वेळीं पिण्याचें पाणी चालतें. परंतु विहिरीच्या वा कूपनलिकेच्या जड पाण्यानें आंत क्षार बसतात, म्हणून घरीं पोंचल्यावर तें काढून गाडीबरोबरच्या पुस्तिकेंत सांगितलेल्या जातीचा कूलंट भरून घ्यावा. भरतांना आंत हवा अडकते, आणि हवेचा बुडबुडा पाण्याची वाट अडवितो. त्यासाठीं थंड इंजिन टोपण काढून व हीटर चालू ठेवून कांहीं मिनिटें चालवावें. बुडबुडे येऊन पातळी उतरली कीं पुन्हां भरावें आणि पाणी तापण्यापूर्वीं टोपण घट्ट लावावें. मग दहा मिनिटें इंजिन चालवून सांध्यावर नजर ठेवावी. सांधा कोरडा राहिला, कांटा मध्यावर स्थिर राहिला आणि हीटरमधून गरम हवा आली, म्हणजे काम साधलें. रबर तापून निवल्यावर किंचित् बसतें. म्हणून दुसऱ्या दिवशीं थंड इंजिनांत पट्टा पुन्हां एकदां तपासावा.

कांहीं लक्षणें दिसलीं तर मात्र इंजिन पुन्हां सुरू करूं नये. तेलाची पट्टी काढून पाहतां तेल दुधाळ कॉफीसारखें दिसलें, मागच्या नळींतून पांढरा धूर सतत येऊं लागला, किंवा टोपण उघडें असतां पाण्यांत जोराचे बुडबुडे थांबेनात, तर इंजिनाचें डोकें वांकून त्याखालचें गॅस्केट गेलें असण्याचा संभव आहे. ॲल्युमिनियम हें लोखंडाच्या सुमारें दुप्पट फुगतें. म्हणून लोखंडी धडावर ॲल्युमिनियमचें डोकें असेल, तर तेंच प्रथम वांकतें. अशा वेळीं गाडी दुसऱ्या वाहनानें ओढून नेणें हेंच स्वस्त. “एवढा घाट उतरूं, मग पाहूं” या विचारानें पांचशे रुपयांचें काम पन्नास हजारांवर जातें.

सांडलेल्या द्रवाविषयींही दोन शब्द अवश्य आहेत. इथिलीन ग्लायकॉल हें विष आहे आणि त्याची चव गोड आहे. कुत्रीं, गुरें व लहान मुलें तें ओढीनें चाटतात, आणि थोड्या मात्रेनेंही मूत्रपिंडें निकामी होतात. भीमाशंकराच्या वाटेवरचे ओढे घोड नदीवाटें डिंभे धरणांत उतरतात. माळशेजच्या माथ्यावरचे पिंपळगांव जोगा धरणाकडे जातात. त्या पाण्यावर माणसें व गुरें जगतात. म्हणून गळणारा द्रव शक्यतों डब्यांत धरावा, सांडलेल्यावर माती टाकून ती गोळा करावी, आणि उरलेला कूलंट पाण्याच्या अगर सरबताच्या बाटलींत कदापि भरून ठेवूं नये.

विजेवर चालणाऱ्या मोटारी आल्या म्हणजे हा विषय संपेल, असें पुष्कळांस वाटतें. तसें नाहीं. अशा अनेक मोटारींत बॅटरी निवविण्यासाठीं कूलंट, पंप, नळ्या व सांधे असतातच. मात्र तेथें विजेचा दाब मोठा असल्यामुळें घरच्या माणसानें हात घालूं नये, एवढा भेद.

घाटास निघतांना गाडींत एक स्क्रू-ड्रायव्हर, लहान पाना, पकड, दोन पट्टे, जाड फडकें, पांच लिटर पाणी आणि तांबडा त्रिकोण असावा. हें सर्व एका पिशवींत मावतें. आणि निघण्याच्या वेळापत्रकांत एक मोकळा तास असावा. तो पिशवींत मावत नाहीं, म्हणून बहुतेक कुटुंबें तो घरींच विसरतात. आणि रुमाल हातांत घेऊन टोपणाकडे धांवण्याची घाई होते, ती त्याच्याच अभावीं.